शिक्रा, बेसरा की स्पॅरोहॉक? नव्या पक्षीनिरीक्षकांसाठी ओळखीची पद्धत

पक्षी बघायला लागल्यावर बुलबुल, साळुंकी, कोतवाल चटकन ओळखू येतात. गाडी अडते ती शिकारी पक्ष्यांपाशी. आडव्या फांदीवर राखाडी पाठीचा, छातीवर तांबूस पट्ट्यांचा, पिवळ्या पायांचा कबुतराएवढा पक्षी बसलेला असतो. पुस्तक उघडावे तर त्याच्यासारखीच चार चित्रे एका पानावर. सोबतचा एक म्हणतो शिक्रा, दुसरा म्हणतो बेसरा, आणि तेवढ्यात पक्षी उडून जातो.

हा लेख महाराष्ट्र आणि गोव्यात फिरणाऱ्यांसाठी आहे. इथे या गटातले चारच पक्षी लक्षात ठेवायचे आहेत: शिक्रा, बेसरा, युरेशियन स्पॅरोहॉक आणि तुरेवाला बाज म्हणजे क्रेस्टेड गॉसहॉक. माझे म्हणणे एवढेच, की रंग आणि आकार यांच्यावर पहिला भरवसा ठेवू नका. शेपूट, गळा आणि पाय या तीन जागा ठरलेल्या क्रमाने बघायची सवय लावा. सवय जडली की समोर मिळणारे चार-पाच सेकंदही पुरतात.

१. निघण्याआधी जवळ काय हवे

- ८×४२ ची दुर्बीण. १०×४२ चालेल, पण हात थरथरत असेल तर ८ बरी. घाटातल्या गर्द झाडीत उजेड कमी असतो, म्हणून ४२ मिलिमीटरच्या भिंगाचा फायदा होतो.
- भारतीय उपखंडाचे एखादे सचित्र फील्ड गाईड. त्यात नर, मादी आणि कोवळा पक्षी यांची चित्रे वेगवेगळी हवीत. फक्त प्रौढ नराचे चित्र असलेले पुस्तक या गटासाठी निरुपयोगी आहे.
- कॅमेरा असेल तर ३०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी लेन्स. नसेल तर अडत नाही.
- छोटी वही आणि पेन्सिल. पावसाळ्यात पेनाची शाई फुटते, पेन्सिल दगा देत नाही.
- फोनवर पक्ष्यांच्या नोंदी करायचे ई-बर्ड आणि ओळखायला मदत करणारे मर्लिन ही अ‍ॅप. भारताचा पॅक घरूनच डाउनलोड करून ठेवा. घाटात रेंज मिळेलच असे नाही.
- अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात जायचे असेल तर ओळखपत्र. प्रवेशाचे नियम आणि वेळा वनविभागाच्या गेटवर आधी विचारून घ्या.

नावांबद्दल एक सूचना. जुन्या पुस्तकांत हे चारही पक्षी अ‍ॅक्सिपिटर या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) आहेत. ई-बर्डने २०२४ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात शिक्रा आणि बेसरा टॅकीस्पायझा झाले, तुरेवाला बाज लोफोस्पायझा झाला, आणि अ‍ॅक्सिपिटरमध्ये आपल्या चौघांपैकी फक्त स्पॅरोहॉक राहिला. पुस्तक आणि अ‍ॅप यांत शास्त्रीय नाव वेगळे दिसले म्हणून गोंधळू नका, पक्षी तोच आहे.

२. आधी गट पक्का करा

जात ओळखण्याची घाई करण्याआधी पक्षी या गटातलाच आहे ना, हे तपासा. निम्म्या चुका इथेच होतात.

या गटाची ठेवण अशी: पंख आखूड आणि गोलसर, शेपूट लांब, पायांच्या नडग्या पिसांविना उघड्या. पक्षी बसलेला असताना पंखांची टोके शेपटाच्या साधारण मध्यापर्यंतच पोचतात. झाडांच्या गर्दीतून वळणे घेत उडायचे असेल तर असाच बांधा लागतो. ससाणे आणि खरुची यांचे पंख लांब व टोकदार असतात आणि डोळे काळेभोर. डोळा काळा दिसला की हा लेख मिटा.

तिसा हा माळरानावरचा पक्षी नवख्यांना हमखास चकवतो. त्याच्याही गळ्यावर उभी रेघ असते. पण त्याचा डोळा पांढरट, शेपूट तांबूस आणि पंखांची टोके जवळजवळ शेपटाच्या टोकापर्यंत येतात. कापशीचा डोळा लाल असतो म्हणून तिला नर शिक्रा समजले जाते. तिच्या खांद्यावरचा काळा डाग पाहा, शंका मिटेल. विजेच्या तारेवर उघड्यावर बसून राहणे ही तिची रीत आहे, शिक्र्याला पानांचा आडोसा आवडतो.

आता सगळ्यात मोठा सोंगाड्या: पावशा. मृगाच्या सुमारास ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडणारा हा कोकिळेच्या कुळातला पक्षी दिसायला थेट शिक्र्यासारखा असतो. राखाडी पाठ, छातीवर तांबूस छटा, पट्ट्यांची शेपूट, सगळे जुळते. उडतोही तसाच, चार-पाच वेळा पंख मारून मग तरंगत, आणि फांदीवर बसताना खालून वर झेपावतो. लहान पक्षीसुद्धा त्याला शिक्रा समजून ओरडा करतात. फरक चोचीत आहे. पावशाची चोच सरळ निमुळती, आकडा नाही. डोळ्याभोवती पिवळे कडे असते. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे, एक मागे. हिवाळ्यात तो बहुतेक गप्प असतो, तेव्हा चोच बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. जागा आणि महिना विचारात घ्या

दुर्बीण डोळ्याला लावण्याआधीच निम्मे काम कॅलेंडर आणि नकाशा करतात.

शिक्रा सगळीकडे आणि बारा महिने. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतली गुलमोहराची झाडे, विदर्भातली पानझडी जंगले, कोकणातल्या आमराया, मराठवाड्यातले बांधावरचे बाभूळ-लिंब, कुठेही. शहरात दिसलेला पक्षी शिक्रा नाही असे म्हणायचे असेल तर पुरावा तुम्ही द्यायचा.

स्पॅरोहॉक आपल्याकडे हिवाळी पाहुणा. साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात तो माळ, शेते, झुडपी रान, तलावाकाठची झाडी अशा ठिकाणी भेटतो. मे-जूनमध्ये सपाटीवर स्पॅरोहॉक दिसला असे वाटले तर पुन्हा बघा.

बेसरा आणि तुरेवाला बाज हे दोघे सह्याद्रीच्या दाट रानातले रहिवासी. आंबोली, तिलारी, चांदोली, कोयना, गोव्यातले मोले ही त्यांची खरी जागा. बेसरा झाडीच्या आत राहतो, कडेला क्वचित येतो. तुरेवाला बाज सकाळी ऊन तापल्यावर जंगलाच्या वर घिरट्या घालताना दिसू शकतो.

थंडीत बेसरा मोकळ्या भागाकडे सरकू शकतो, आणि शिक्रा दाट जंगलाच्या कडेलाही असतो. म्हणून जागा आणि महिना अंदाजापुरते वापरा, निकालासाठी नव्हे.

४. पहिला महिना फक्त शिक्रा बघा

हा सल्ला अनेकांना कंटाळवाणा वाटतो, पण यावाचून पुढचे काही जमत नाही. तुमच्या घराजवळ शिक्र्याची जोडी बहुधा असतेच. खारींचा एकसारखा किटकिटाट, बुलबुलांचा आणि सातभाईंचा ओरडा, कावळ्यांनी एका झाडावर मारलेल्या झडपा, यांचा माग काढा. रोज तीच जोडी बघत राहा.

प्रौढ नर वरून फिकट निळसर राखाडी, डोळा गडद लाल, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेषा. उडताना पंखांची टोके बाकी पंखापेक्षा काळी दिसतात. मादी आकाराने मोठी, पाठीवर तपकिरी छटा, डोळा पिवळा ते नारिंगी. दोघांच्याही गळ्यावर मधोमध एक पुसट राखाडी रेघ असते, ती इतकी पुसट की लांबून दिसतही नाही. आणि सगळ्यात कामाची खूण: शेपटाची मधली दोन पिसे कोरी राखाडी असतात, त्यांच्यावर पट्टे नसतात. मागून बसलेला शिक्रा बघितला तर शेपूट साधे राखाडी दिसते, पसरल्यावर बाजूच्या पिसांवरचे बारीक पट्टे उघडे पडतात.

या गटात मादी नरापेक्षा मोठी असते हे कायम लक्षात ठेवा. स्पॅरोहॉकची मादी तर नराच्या जवळजवळ दुप्पट वजनाची भरू शकते. त्यामुळे शिक्र्याची मोठी मादी आणि स्पॅरोहॉकचा लहान नर यांत फारसा फरक उरत नाही. ‘शिक्र्यापेक्षा मोठा वाटला’ एवढ्यावर कुठलीही नोंद करू नका.

५. शेपटाचे पट्टे बघा

पक्षी पाठमोरा असेल तर थेट शेपटाच्या मध्यावर नजर न्या.

मधली पिसे कोरी असतील तर प्रौढ शिक्रा. काम संपले.

पट्टे मधल्या पिसांवरही आडवे गेलेले असतील तर त्यांची रुंदी बघा. स्पॅरोहॉकच्या शेपटावर चार-पाच गडद पट्टे, मधले फिकट भाग त्यांच्यापेक्षा रुंद. शेपटाचे टोक सरळ कापल्यासारखे आणि कोपरे टोकदार. बेसऱ्याचे गडद पट्टे रुंद, मधल्या फिकट पट्ट्यांच्या बरोबरीचे किंवा त्यांहून रुंद, आणि संख्येने कमी, तीन-चार. तुरेवाल्या बाजाचेही तसेच तीन-चार ठसठशीत पट्टे असतात. म्हणजे शेपटावरून बेसरा आणि बाज वेगळे होत नाहीत, त्यासाठी पायांकडे जावे लागते.

सावध राहा: पट्टे मोजताना शेपूट मिटलेले आहे की पसरलेले, खालून दिसते आहे की वरून, हे वहीत लिहा. खालून मिटलेल्या शेपटाची फक्त बाहेरची पिसे दिसतात आणि त्यांवर पट्टे जास्त बारीक असतात. आकाशाच्या उजेडासमोर काढलेल्या फोटोत पट्टे विरतात, मग पट्ट्यांवर काही ठरवू नये.

६. गळ्यावरची उभी रेघ

पक्षी समोरून दिसत असेल तर हनुवटीपासून छातीपर्यंत, गळ्याच्या मधोमध.

स्पॅरोहॉकला ही रेघ नसते. गळ्यावर बारीक रेषा असू शकतात, पण मधोमध एकच ठळक रेघ नाही. नराचे गाल तांबूस-नारिंगी, मादीला डोळ्यावर ठळक पांढरी भिवई. प्रौढ शिक्र्याला पुसट रेघ. बेसऱ्याला जाड, काळी, लांबूनही दिसणारी. तुरेवाल्या बाजालाही ठळक काळी.

छातीही याच वेळी बघून घ्या. बेसरा आणि तुरेवाला बाज या दोघांच्या छातीवर उभे फटकारे आणि पोटावर आडवे पट्टे असतात. प्रौढ शिक्रा आणि स्पॅरोहॉक यांच्या छातीपासून पोटापर्यंत सगळे आडवेच.

७. नडग्या आणि बोटे

माझ्या मते ही सगळ्यात विश्वासाची आणि सगळ्यात दुर्लक्षित खूण आहे. रंग वयाने बदलतो, उजेडाने बदलतो. पायाचा बांधा बदलत नाही.

बेसरा आणि स्पॅरोहॉक मुख्यतः लहान पक्षी पकडतात. हवेत उडणारा पक्षी पकडायला लांब पाय आणि लांब बोट उपयोगी पडते, म्हणून दोघांच्या नडग्या काडीसारख्या बारीक आणि मधले बोट चांगलेच लांब. शिक्रा सरडे, पाली, उंदीर, मोठे किडे, खारीची पिल्ले आणि पक्षी असे बरेच काही खातो. त्याचे पाय जाडसर आणि बोटे आखूड. तुरेवाल्या बाजाच्या नडग्या तर आखूड आणि भक्कम, आणि मांडीवरच्या पिसांवर दाट आडवे पट्टे.

बाजाची बाकीची लक्षणे इथेच सांगून टाकतो. डोके राखाडी, पाठ तपकिरी, मानेमागे छोटा तुरा. तुरा बरेचदा अंगाला चिकटलेला असतो, म्हणून तुरा दिसला नाही या कारणाने त्याला बाद करू नका. पंख इतके आखूड, की बसल्यावर टोके शेपटाच्या मुळाच्या जरा पुढेच संपतात. तुरा दिसला आणि पक्षी घारीएवढा मोठा असेल तर तो मोरघार असेल. तिच्या नडग्या बोटांपर्यंत पिसांनी झाकलेल्या असतात.

८. मोठा सापळा: कोवळा शिक्रा आणि बेसरा

सह्याद्रीतून येणाऱ्या ‘बेसरा’ म्हणून पाठवलेल्या फोटोंपैकी पुष्कळ फोटो एक वर्षाच्या आतल्या शिक्र्याचे असतात. कारण सरळ आहे. कोवळ्या शिक्र्याच्या गळ्यावरची रेघ प्रौढासारखी पुसट नसते, ती ठळक असते. छातीवर आडव्या रेषांऐवजी तपकिरी थेंब आणि फटकारे असतात. शेपटाच्या मधल्या पिसांवरही पट्टे असतात. म्हणजे पायरी ५ आणि ६ मधली शिक्र्याची दोन्ही लक्षणे कोवळ्या वयात लागू पडत नाहीत. उन्हाळ्यात घरट्यातून बाहेर पडलेली पिल्ले पावसाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात अशाच वेषात फिरतात, आणि नेमक्या त्याच हंगामात पर्यटक घाटात जातात.

म्हणून तपकिरी पाठीचा, छातीवर थेंब असलेला पक्षी दिसला की असा क्रम ठेवा.

पहिले, पाय. जाडसर नडगी आणि आखूड बोटे असतील तर शिक्र्याकडे झुका.

दुसरे, शेपटाचे पट्टे. कोवळ्या शिक्र्याचे गडद पट्टे अरुंद आणि संख्येने जास्त, पाच किंवा अधिक, मधले फिकट भाग रुंद. बेसऱ्याचे कोवळ्या वयातही कमी आणि रुंद.

तिसरे, एकूण गडदपणा. बेसरा वरून काळपट, गाल आणि डोके गडद. शिक्र्याचा चेहरा फिकट, भिवई बरीच दिसते.

चौथे, पंखांची खालची बाजू. बेसऱ्याच्या पंखाखाली दाट गडद पट्टे. शिक्र्याचे विरळ.

चारपैकी तीन खुणा एका बाजूला पडल्या तरच जात लिहा. आणि कोवळा स्पॅरोहॉक यांत मिसळू नका; त्याच्या पोटावर कोवळ्या वयातही तुटक आडवे पट्टे असतात, उभे थेंब नसतात. या एका खुणेने तो दोघांपासून लगेच वेगळा होतो.

९. उडताना आणि ओरडताना

डोक्यावरून घिरट्या घालणारा पक्षी असेल तर पंखाच्या टोकाला बोटांसारखी सुटी दिसणारी पिसे मोजा. शिक्रा आणि बेसरा यांची पाच, स्पॅरोहॉक आणि तुरेवाला बाज यांची सहा. हे डोळ्याने मोजणे अवघड. फोटोंची मालिका काढा आणि घरी सावकाश मोजा. एका फोटोवर विसंबू नका, कारण वळताना एखादे पीस झाकले जाते.

तुरेवाल्या बाजाची हवेतली खूण फार देखणी आहे. शेपटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरी मऊ पिसे फुगून दिसतात. विणीच्या दिवसांत तो पंख शरीराच्या पातळीखाली धरून थरथरवत उडतो, तेव्हा ती पांढरी पिसे लांबूनही चमकतात.

आवाज मदतीला घ्या, पण एकट्या आवाजावर जाऊ नका. शिक्र्याची तीक्ष्ण दोन स्वरांची ‘टी-टुई’ हाक एकदा ओळखीची झाली की शहरातही सारखी कानावर पडते. मात्र कोतवाल ही हाक हुबेहूब काढतो आणि त्याच्याच कुळातला भृंगराजही नकलेत तरबेज आहे. हाक ऐकू आली की ओरडणारा पक्षी डोळ्याने शोधा. अ‍ॅपने आवाजावरून ‘शिक्रा’ सुचवले तरी हाच नियम.

१०. नोंद कशी करायची

नोंदीत निष्कर्षाआधी पाहिलेले लिहा. ‘शेपटाची मधली पिसे कोरी, गळ्याची रेघ पुसट, डोळा लाल’ असे लिहिलेले असेल तर दोन वर्षांनी दुसरा कोणीही ती नोंद तपासू शकतो. नुसते ‘शिक्रा’ लिहिले तर तपासायला काहीच उरत नाही. न दिसलेले भागही लिहा: ‘पाय पानांआड, दिसले नाहीत.’

खुणा पुरल्या नाहीत तर ई-बर्डवर जातीऐवजी गटापर्यंत नोंद करायची सोय आहे, ती मोकळेपणाने वापरा. सपाटीवरचा बेसरा किंवा उन्हाळ्यातला स्पॅरोहॉक अशी नोंद असेल तर तुमच्या भागातल्या नोंदी तपासणारे ई-बर्डचे समीक्षक खुलासा मागतील. त्यात अपमान नाही. फोटो काटछाट न करता पाठवा, त्यात पाय आणि शेपूट दोन्ही असू द्या.

शेवटी घरट्याबद्दल, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो. शिक्र्याची वीण आपल्याकडे साधारण मार्च ते जून. घरटे सापडले तर लांबून, थोडा वेळ पाहा आणि निघा. फोटोसाठी फांद्या तोडणे, झाडाखाली गर्दी करणे, आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे यांनी पालक पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात आणि मग अंडी किंवा पिल्ले कावळ्यांच्या हाती लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घरट्याला आणि अंड्यांना इजा करणे हा गुन्हा आहे. घरट्याची नेमकी जागा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकू नका. ई-बर्डच्या यादीतही पिल्ले बाहेर पडेपर्यंत नेमक्या झाडाऐवजी गावाचे किंवा उद्यानाचे सर्वसाधारण ठिकाण निवडा.